गटाचा प्रकल्प आणि तुमच्या लेकीची कल्पना

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. मुलगी नववीत, लातूरला. जलसुरक्षा विषयाचा गट प्रकल्प, गटात पाच जणी. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्यावर तिला चित्रांची मालिका करायची होती, एका आजीच्या नजरेतून. गटानं ती बाजूला ठेवली आणि जलचक्राचा तक्ता नि मोटारीवर चालणारं मॉडेल करायचं ठरवलं. वर तक्ता, लिखाण, रंगकाम सगळं तिच्याच गळ्यात पडलं. आता ती म्हणते, मला एकटीला करू द्या. तुम्ही विचारताय, ‘जुळवून घे’ असं सांगून आपण तिची कल्पकता मारतोय का, आणि बाईंना भेटून तिच्यासाठी वेगळा प्रकल्प मागावा का.

मी परभणी जिल्ह्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी गट प्रकल्प करून घेते आणि तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणूनही बसते. अशी मुलगी जवळपास प्रत्येक तुकडीत असते. मुलगाही असतो. त्यांच्याकडे लक्ष द्यावंच लागतं, नाहीतर दहावीपर्यंत ती लेकरं एकतर गप्प होतात किंवा सगळ्यांवर हुकूम चालवायला शिकतात.

तुमच्या प्रश्नात दोन तक्रारी गुंतल्यात, त्या आधी सोडवून घेऊ. तिची कल्पना घेतली गेली नाही, ही एक. काम मात्र तिच्यावर पडलं, ही दुसरी. ऐकायला दोन्ही सारख्याच वाटतात, ‘गटानं माझ्यावर अन्याय केला’. पण पहिलीत गटानं तिला जागा द्यायला हवी होती. दुसरीत बऱ्याचदा तिनं गटाला जागा द्यायला हवी असते. पालक दोन्ही एका दमात सांगतात, शिक्षकाला एवढंच ऐकू येतं की ‘हिचं कुणाशी पटत नाही’, आणि विषय तिथंच संपतो.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत आणि उत्तर त्यांवर अवलंबून आहे. गट कुणी पाडला, बाईंनी की मुलींनी आपापल्या मैत्रिणी धरून? गुण सगळ्यांना सारखे की ज्याचे त्याला? हातात आठवडा आहे की अख्खं सत्र? आणि सगळ्यात महत्त्वाचं, कल्पना नाकारली म्हणजे नेमकं काय झालं? कुणी ऐकूनच घेतलं नाही, ऐकून वेळ पुरणार नाही म्हणाल्या, की हसल्या? हसल्या असतील, तिच्या बोलण्याची, रंगाची, घरच्या परिस्थितीची टिंगल झाली असेल, तर पुढचं काही वाचू नका. उद्याच वर्गशिक्षिकेला भेटा, कारण तो प्रकल्पाचा प्रश्न उरत नाही. तसं नसेल, तर माझा अनुभव पुढे लिहिते.

पहिल्या तक्रारीपासून सुरुवात करते. आपल्या शाळांत गट प्रकल्प कसा सुरू होतो? पाच जण गोल करून बसतात, ‘चला, काय करायचं?’ असं कुणीतरी म्हणतं, मोठ्या आवाजाचा पहिला बोलतो, आणि जे सगळ्यांना आधीपासून माहीत असतं ते ठरतं. जलचक्र, ठिबक सिंचन, ज्वालामुखी. मुलांना दुसरं काही सुचत नाही असं नाही. त्या गोलात सुचलेलं बाहेर यायला वाटच नसते. एक बोलत असताना बाकीचे एकतर ऐकतात किंवा विचार करतात, दोन्ही एकाच वेळी होत नाही. आपली पाळी येईपर्यंत निम्मं विसरतं, निम्मं मनातल्या मनात गळतं, ‘आपलं काही खास नाही’ म्हणून. हे अभ्यासातूनही दिसलंय. १९५८ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात चौघाचौघांचे गट आणि तितकीच एकएकटी बसवलेली माणसं यांच्या कल्पनांची तुलना झाली. एकएकट्यांच्या याद्या एकत्र केल्या तेव्हा त्या गटांच्या यादीपेक्षा मोठ्या भरल्या. १९८७ मध्ये मिखाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे या संशोधकांनी त्याचं मोठं कारणही दाखवलं: पाळीची वाट बघण्यातच विचार अडतो.

म्हणून माझ्या वर्गात प्रकल्पाचा पहिला दिवस बोलण्याचा नसतो. विषय देते आणि प्रत्येकाला कागद देते. घरी जा, एकट्यानं बसा, तीन कल्पना लिहा, चित्र काढलं तरी चालेल, नाव घालू नका. दुसऱ्या दिवशी कागद गटात फिरतात. प्रत्येकानं दुसऱ्याच्या कागदावर भर घालायची, खोडायचं काही नाही. जर्मनीत बेर्न्ट रोरबाख यांनी १९६८ मध्ये साधारण अशीच पद्धत मांडली होती: सहा माणसं, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटांनी कागद पुढे. मी घड्याळ लावत नाही, पण लिहून काढण्याचा नियम सोडत नाही. वर्गात कधी तोंड न उघडणारी लेकरं असतात. तांड्यावरून येणारी, घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, आणि शाळेत मराठी बोलणारी, किंवा नुसती लाजाळू. त्यांच्या कागदावर जे निघतं ते गोलात कधीच निघालं नसतं.

आणि मग मी मतदान घेत नाही. याबद्दल माझं मत पक्कं आहे. शाळकरी गटात हात वर करायला लावले की मैत्रीला मत पडतं, नाहीतर सोप्याला. मी विचारते, ‘यातल्या कुठल्या कागदातून एखादा प्रश्न निघतो, ज्याचं उत्तर तुम्हाला आत्ता माहीत नाही?’ जलचक्राचं उत्तर पुस्तकात आहे, त्यामुळे तो कागद आपोआप मागे पडतो.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण त्यात तुमच्या मुलीसारखाच एक मुलगा होता. गावात जुनी बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर आहे. आमच्या जिल्ह्यात बारवांना तोटा नाही, चारठाण्याची आहे, वालूरची गोल फिरत उतरणारी आहे. ही त्यांच्यासारखी नावाजलेली नाही. गावाच्या कडेला, अर्धी गाळानं भरलेली. नववीच्या चौघांच्या गटानं ती निवडली. एकाचा हात चित्रात फार चांगला. दुसरी मुलगी बोलकी, गल्लीतल्या सगळ्या आज्यांच्या ओळखीची. तिसरा आकडेमोडीत पक्का. चौथा बाहेरगावाहून यायचा, वडील गवंडी, हा वर्गात मुका म्हणावा इतका शांत.

चित्रवाला मुलगा दुसऱ्याच दिवशी अख्खं कार्डशीट रंगवून घेऊन आला. बारव, कमान, देवळी, पायऱ्यांवर पडलेली सावली. सुरेख होतं. बाकीचे तिघं बघून म्हणाले, ‘भारीय रे,’ आणि गप्प बसले. त्यांना करायला काही उरलंच नव्हतं. आकडेमोडवाला तेवढ्यात कुरकुरला, ‘सगळं तूच करायलास, मग आम्ही काय करावं?’ चित्रवाल्याला ते लागलं. त्याला वाटलं, मी इतकं केलं आणि हे जळायलेत.

त्याच दरम्यान मुलगी आज्यांशी बोलून आली होती. एक आजी म्हणाली होती, ‘मी नांदायला आले तवा वरून सहाव्या पायरीला पाणी असायचं, बहात्तरच्या दुष्काळात तेवढं खालच्या टप्प्याला गेलं.’ मी चित्रवाल्याला एवढंच विचारलं, ‘तुझ्या चित्रात ती सहावी पायरी दाखव.’ त्याला दाखवता येईना. त्यानं पायऱ्या अंदाजानं काढल्या होत्या, दिसायला बऱ्या दिसतील तेवढ्या.

मग चौघं सुतळी घेऊन गेले. सुतळीला वीत-वीत अंतरावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला. आकडेमोडवाल्यानं एकेका पायरीची उंची मोजून लिहिली. पायऱ्या एकसारख्या नव्हत्या, म्हणून सरासरी धरून चालणार नाही हे त्याचं त्यालाच कळलं. गवंड्याच्या मुलानं भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाला, ‘यात चुना नाही. नुसते दगड बसवलेत, फटीतून पाणी येतंय.’ त्या गटात तोपर्यंत त्याचं हे पहिलं वाक्य असावं. बारव भरते ती वरून पडणाऱ्या पावसानं कमी आणि बाजूच्या जमिनीतून झिरपणाऱ्या पाण्यानं जास्त, ही प्रकल्पातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्याच्या हाताला सापडली.

शेवटी जे झालं ते असं: चित्रवाल्यानं पुन्हा कार्डशीट घेतलं, बारवेचा उभा छेद मापानं काढला आणि प्रत्येक आजीनं सांगितलेली पायरी पाण्याच्या रेघेनं दाखवली. कुणाचं लग्न झालं ते साल, बहात्तर साल, गावात पहिल्या बोअर पडल्या तो काळ, आत्ताचा कोरडा गाळ. प्रत्येक रेघेला त्यानं पाण्याचा वेगळा रंग दिला, हिरवट निळ्यापासून मातकट पिवळ्यापर्यंत. ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं, ते सर्वस्वी त्याचं. त्यानं देवळी सोडली, सावली ठेवली. पहिलं चित्र सुंदर होतं, पण ते कुणीही काढलं असतं. दुसरं त्याच्याशिवाय कुणाला जमलं नसतं, आणि बाकी तिघांशिवाय त्यालाही.

ताई, तुमच्या प्रश्नाचं माझं मुख्य उत्तर यातच आहे. सुचायला एकांत लागतो, तो तिला मिळालाच पाहिजे. कशाचा शोध घ्यायचा हे गटानं ठरवावं. आणि करताना प्रत्येकाकडे एक तुकडा असा असावा जो पूर्ण त्याचा आहे, त्यावर बाकीच्यांनी सूचना द्याव्यात पण हात घालू नये. हे तीन टप्पे एकमेकांत मिसळले की भांडणं होतात. सुचण्याच्या वेळी गट बसवला की कल्पना मरतात. ठरवण्याच्या वेळी एकटीनं ठरवलं की बाकीचे अंग काढून घेतात. करताना सगळ्यांनी एकाच तक्त्यावर ब्रश चालवले की ते कुणाचंच राहत नाही.

तुकडे पाडताना सांधे मात्र आधी ठरवावे लागतात. कागदाचा आकार, माप, अक्षराची उंची, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, बोलीत लिहायचं की प्रमाण भाषेत. एवढं ठरलं की आतल्या भागात ज्यानं त्यानं आपल्या मनासारखं करावं. जे गट हे ठरवत नाहीत त्यांची शेवटच्या रात्री तारांबळ उडते, आणि ती निस्तरायला चांगल्या अक्षराची मुलगी बसते.

आता तुमच्या लेकीशी काय बोलायचं ते. तिनं कल्पना गटापुढे कशी ठेवली ते विचारा. माझा अंदाज, पूर्ण झालेली ठेवली असेल: इतकी चित्रं, ही आजी, अशी सुरुवात, असा शेवट. पुरी झालेली गोष्ट समोर आली की ऐकणाऱ्याला ‘हो’ किंवा ‘नको’ एवढंच म्हणता येतं, आणि चौदा वर्षांच्या मुली ‘नको’ म्हणून मोकळ्या होतात, कारण ‘हो’ म्हटलं की उरतं ते नुसतं हमालीचं काम. तिनं अर्धवट घेऊन जावं. एखादं कच्चं चित्र आणि एक प्रश्न. ‘रेल्वेचं पाणी स्टेशनवर आलं, तिथून आपल्या गल्लीत कसं यायचं? कुणाला माहितीये?’ पाचातल्या किमान दोघींच्या घरी त्या उन्हाळ्याच्या गोष्टी असणारच. मुली तेव्हा लहान होत्या, पण आईबापांना टँकरच्या रांगा अजून आठवतात.

दुसरं, तिला बसवून विचारा की या कल्पनेत तुझा जीव कशात आहे. चित्रांत? आजीत? रेल्वेत? लेकरं कल्पना अख्खीच्या अख्खी धरून ठेवतात, एक टवका गेला तरी सगळंच गेलं असं त्यांना वाटतं. पण नीट विचारलं की कळतं, अडून बसण्यासारखी गोष्ट एकच असते. समजा ती आजी असेल, तर चित्रांच्या जागी आवाज, मुलाखत, नकाशा काहीही चालेल. समजा चित्रं असतील, तर गोष्ट आजीची नसली तरी चालेल. त्या एका गोष्टीसाठी तिनं गटात अडून बसावं. तेवढा हट्ट मला मान्य आहे, मी स्वतः मुलांना तो करायला सांगते. बाकी सगळ्यावर मोकळेपणानं ‘तुमचं घ्या’ म्हणावं, आणि खरंच घ्यावं.

मॉडेल हवं असणाऱ्या मुलींनाही एवढ्यात मोडीत काढू नका. मोटारवालं मॉडेल हवं असणाऱ्या मुलीला बहुधा जोडाजोडी आवडते, आणि ती तिची कल्पकता आहे. एप्रिल २०१६ मध्ये पहिली गाडी दहा टाक्या घेऊन आली, सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या आल्या, पंचवीस लाख लिटरच्या. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं म्हणून ही वेळ आली. या आकड्यांवरून ती मुलगी मापात गाडी बनवू शकते, आणि दुसरी कुणी हिशेब मांडू शकते की पाच लाख लिटर चारपाच लाख वस्तीच्या शहराला माणशी किती होतं. जेमतेम लिटरभर. तो आकडा पाहिला की चित्रातल्या आजीच्या घागरीला वजन येतं. जलचक्र यात कुठंतरी छोट्या चौकोनात बसेल, पुस्तकाचंही समाधान होईल.

दुसऱ्या तक्रारीवर येते, काम तिच्यावर पडलं त्यावर. गटात माणसं वाढली की माणशी जोर कमी लागतो, हे मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्यानं दोर ओढायला लावून मोजलं होतं. त्याचे आकडे १९१३ मध्ये छापून आले. १९७९ मध्ये अमेरिकेत टाळ्या वाजवायला नि ओरडायला लावून तेच पुन्हा दिसलं. माणूस मुळात आळशी असतो म्हणून हे होतं असं नाही. आपला वाटा वेगळा दिसणार नाही हे कळलं की हात आपोआप ढिला पडतो. म्हणून पाच जणींचा गट मला मोठा वाटतो. माझ्या वर्गात चारच्या वर जात नाही. पण तुमच्याकडे पाच ठरलेत, तर वाटा दिसेल अशी सोय करा. साधी नोंदवही पुरते. तारीख, कुणी काय केलं, काय अडलं, पुढं कोण करणार. प्रत्येकीनं आपली ओळ आपल्या हातानं लिहायची. तुमच्या मुलीनं सगळ्यांच्या वतीनं लिहायची नाही, याकडे लक्ष ठेवा, ती नक्की लिहायला बसेल.

आणि इथं तिला थोडं स्पष्ट बोलावं लागेल. चांगल्या हाताची मुलं काम ओढवून घेतात. ‘दे इकडे, तुला नीट जमंना,’ हे वाक्य ती म्हणते का ते विचारा. हे एकदा ऐकलेली मुलगी दुसऱ्यांदा ब्रश उचलत नाही. मग चार दिवसांनी तीच तक्रार, कुणी काही करत नाही. दुसरीचं अक्षर वाकडं आलं तर येऊ द्यावं. परीक्षक म्हणून सांगते, सगळं एकाच सुरेख अक्षरात लिहिलेला तक्ता पाहिला की माझा पहिला प्रश्न त्या मुलीला नसतो, शेजारी हाताची घडी घालून उभ्या असलेलीला असतो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक होतं, त्याची मला चीड आहे. मिश्र गटात मुलं बाजारात जाऊन सामान आणतात, वायरी जोडतात, सर्वेक्षणाला फिरतात. मुलींना ‘तुमचं अक्षर चांगलंय’ म्हणून बॉर्डर काढायला बसवतात. तुमच्या गटात सगळ्या मुली आहेत, पण तिथंही जी चित्र काढते तिला सजावटीचं खातं देऊन टाकतात. चित्र काढणं ही विचार करायची पद्धत आहे, बॉर्डर काढणं ही नाही. बारवेच्या मुलाला चित्रामुळेच पायऱ्या मोजाव्या लागल्या. तिला असं काम हवं.

शिक्षकाकडून काय मागायचं? आपल्याकडे पहिली ते आठवीसाठी २०१० पासून आकारिक मूल्यमापन आहे, म्हणजे वर्षभराच्या कामावरून मुलाला जोखणं. त्याच्या साधनांत प्रकल्प आहेच, पण गटकार्य, स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापन, म्हणजे मुलांनी एकमेकांचं काम जोखणं, हेही लिहिलेलं आहे. बहुतेक शाळांत ही शेवटची दोन कागदावरच राहतात. नववीला ती पद्धत जशीच्या तशी नाही, पण कल्पना शिक्षकांना नवी नाही, तेव्हा विनंती करायला अडचण नाही. मी एक करते: तोंडी परीक्षेत प्रत्येकाला स्वतःच्या तुकड्यावर एक प्रश्न आणि दुसऱ्याच्या तुकड्यावर एक. एलियट अ‍ॅरनसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत अशीच मांडणी केली होती. धड्याचा एकेक भाग एकेका मुलाकडे, आणि सगळा धडा कळायला एकमेकांना शिकवणं भाग. गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली होती, ताण होता, त्यातून ही पद्धत निघाली. आमच्याकडे ताण वेगळे असतात, तरी ती चालते. दुसऱ्याचं सांगता यायला हवं म्हटलं की मुलं एकमेकांचं काम निरखून बघतात.

बीडकडच्या माझ्या शिक्षक मैत्रिणींचा यात एक वेगळाच पेच असतो. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं गटातून अर्ध्यावर निघून जातात. काही हंगामी वसतिगृहात राहतात, सगळी नाही. तिथं त्या जाणाऱ्या मुलाला पहिल्या टप्प्याचं काम देतात, जे दिवाळीआधी पुरं होईल, आणि त्याच्याकडून ते दुसऱ्याला शिकवून घेतात. प्रकल्पावर त्याचं नाव राहतं, मेहेरबानी म्हणून नाही, त्याचा तुकडा तिथं असतो म्हणून. हे लातूरला लागू नसेल, पण तुमच्या गटातली एखादी मुलगी अचानक क्लासमुळे येईनाशी झाली तर हाच उपाय कामी येईल.

क्लासवरून एक बोलते. लातूरमध्ये लेकरं लहानपणापासून गुणांच्या यादीत आपलं नाव कितव्या नंबरावर आहे ते बघत वाढतात. त्या मेहनतीबद्दल मला आदर आहे, माझेही विद्यार्थी तिथं शिकून डॉक्टर झालेत. पण तिथं सगळं ज्याचं त्याचं असतं. अशा वातावरणात गट प्रकल्प म्हणजे वेळेचा अपव्यय वाटणं साहजिक आहे, आणि पाचही घरांना तसंच वाटत असेल तर काम सगळ्यात समजूतदार मुलीवर पडणारच. म्हणून बाकी आयांशी एकदा फोनवर बोला. तक्रार करायला नको. मुलींनी एक रविवार एकत्र बसावं, एवढंच ठरवा. आणि सामानाचा खर्च आधीच वाटून घ्या, कमीत कमी ठेवा. रंगीत प्रिंट, महागाचं बोर्ड जिच्या घरून येतं, निर्णय तिचा होतो. मुली हे बोलून दाखवत नाहीत, पण त्यांना कळतं.

त्या रविवारी तुम्ही चहा-पोहे द्या आणि खोलीबाहेर राहा. आईबापांनी केलेलं मॉडेल मला प्रदर्शनात लांबून ओळखू येतं, आणि एका प्रश्नात लेकरू उघडं पडतं. ते बघवत नाही.

राहिला एकटीनं करायचा प्रश्न. या प्रकल्पात मागू नका, असं माझं मत. तिला एकटीला वेगळा प्रकल्प मिळाला तर वर्गात तिची ओळख ‘वेगळी बसणारी’ अशी होईल, आणि बारवेच्या मुलाला जे मिळालं ते तिला मिळणार नाही. पण एकटीचं काम तिला जरूर द्या, त्याची ठिकाणं वेगळी आहेत. केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेत सहावीपासूनची मुलं स्वतःची कल्पना शाळेमार्फत पाठवू शकतात, निवड झाली तर मॉडेलसाठी दहा हजार रुपये मुलाच्या खात्यात येतात, आणि तिथं नाव एकाचंच असतं. चित्रकलेची आवड आहे तर एलिमेंटरी, इंटरमिजिएट या परीक्षा दिल्यात का बघा. आणि ती आजीची चित्रमालिका तिनं घरी, स्वतःच्या वहीत पूर्ण करावीच. गटानं घेतली नाही म्हणून ती संपत नाही. प्रकल्पात तिच्यातलं एखादं चित्र लागलं तर लागलं, नाहीतर ती तिची आहे.

बाईंना कधी भेटायचं, असं तुम्ही शेवटी विचारलंय. आधी मुलीला स्वतः गटाशी बोलू द्या, कच्चं चित्र आणि प्रश्न घेऊन. त्यानंतर नोंदवहीचे दोनतीन आठवडे भरू द्या. तरी दोघीच राबताना दिसल्या, तर ती वही घेऊन भेटा आणि ‘माझ्या मुलीवर अन्याय होतोय’ असं म्हणण्याऐवजी विचारा, ‘तोंडीला प्रत्येकीला वेगळे प्रश्न विचाराल का?’ असं मागणं मला कुठल्या पालकानं केलं तर मी ते नाकारणार नाही. त्या बाईही बहुधा नाकारणार नाहीत. मुलीनं मात्र त्या भेटीला सोबत यावं आणि वही तिनंच पुढे करावी.